कोनोकार्पसवरच्या प्रतिक्रियेला उत्तर : आधी दोरी धरा, मग झाड ठरवा

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उत्तर देण्यासारखी नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं असं, की कुंपणाच्या झाडांवरच्या लेखात मी कोनोकार्पसला, म्हणजे कुंपणाला सर्रास लावतात त्या झपाट्यानं वाढणाऱ्या परदेशी झाडाला, उगाच बदनाम केलं. चिकोडीतल्या (जि. बेळगाव, कर्नाटक) तुमच्या ले-आउटमध्ये बहुतेकांनी तेच लावलंय आणि दीड वर्षात हिरवी भिंत उभी झालीय. त्याऐवजी अडुळसा-कुंती (कामिनी) लावायचा माझा सल्ला मोठं परडं असणाऱ्यांना शोभतो. तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर शेजारच्या माडीवरून थेट आपलं अंगण दिसतं, त्यांनी ही झुडपं भरेपर्यंत तीन वर्षं काय करायचं? आणि जाता जाता, परदेशातल्या व्हिडिओत दाखवतात तो थुजा का नाही सुचवला?

घाई रास्त आहे. सकाळी चहाची कपबशी घेऊन बाहेर बसावं आणि वरून कुणी बघत असावं, हे कुणालाच नको असतं. पण लवकर म्हणजे किती उंचीपर्यंत लवकर, ते तुम्ही लिहिलं नाही, आणि घोळ तिथंच आहे.

खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतात. शेजारच्या पहिल्या मजल्यावर खिडकीत उभ्या माणसाचे पंधरा फुटांवर धरा. दोघांत वीस फूट अंतर आहे आणि झुडपांची रांग तुमच्यापासून सहा फुटांवर आहे, तर साडेसात फुटांत नजर अडते. तीच रांग तुमच्यापासून चौदा फुटांवर, कंपाउंडला चिकटून लावली, तर जवळजवळ बारा फूट उंची लागते. पडदा बसायच्या जागेजवळ आला की बुटका चालतो. तुमच्या प्लॉटवर शेजारी आणखी जवळ असणार, बारा फुटांवर म्हणा. तरी सहा फुटांवरच्या रांगेला साडेनऊ फूट पुरतात. एकाला वर उभं करा, एकाला खुर्चीत बसवा, मधे दोरी धरा आणि बघा की. आठ-नऊ फूट ही झुडपांची उंची झाली. त्यासाठी मोठा वृक्ष व्हायला निघालेलं रोप आणायचं आणि मग जन्मभर त्याला दाबत बसायचं, हे मला पटत नाही.

तुमच्या ले-आउटमधली ती भिंत कात्रीनं उभी ठेवलेली आहे. छाटणी दोन पावसाळे चुकली तर तेच झाड विजेच्या तारांना लागतं, आणि मोठं झाल्यावर तोडायचं म्हटलं तर १९७६ चा कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा आडवा येऊ शकतो. कोनोकार्पसच्या परागकणांच्या त्रासाबद्दल जाणकारांत वाद आहे, म्हणून मी त्यावर भर दिलाच नव्हता. माझी हरकत मुळांना आहे. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये रोपवाटिकांत आणि वनखात्याच्या लागवडीत हे झाड बंद केलं, तेव्हा पाइप आणि गटारांचं नुकसान हेही एक कारण दिलं होतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही म्हणून घरोघरी संप (जमिनीखालची पाण्याची टाकी), आणि तो बहुतेक कंपाउंडच्या कडेलाच, नेमका जिथं लोक हे झाड लावतात तिथं. संपाच्या भिंतीला एकदा चीर पडली की दुरुस्तीचा खर्च काय होतो ते गवंड्याला विचारा.

मग तीन वर्षं काय? शेवरी लावा. पानमळेवाले हेच करतात, आधी शेवरी वाढवतात आणि तिच्यावर वेल चढवतात. मिरगाला बी टाकलं तर दिवाळीपर्यंत माणसाच्या डोक्यावर जाते, नत्र जमिनीत सोडते, पाला शेळ्यांना चालतो. ही बाहेरची रांग. आतल्या बाजूला दोन फुटांवर कायमची झुडपं. ती भरली की शेवरी तोडून टाकायची. शेवरी मिळाली नाही तर उशिरा येणारी तूर पेरा. पहिल्या वर्षाचा आडोसाही होतो आणि डाळही. सहा महिने थांबायचंच नसेल, तर सांगाड्यावर शेडनेट ताणून त्यावर कृष्णकमळ चढवा.

कायमच्या रांगेसाठी तुमच्या काळ्या जमिनीत मी अडुळसा किंवा कोयनेलच घेईन. दोन्ही फांदीवरून लागतात, दोन्हींना शेळी तोंड लावत नाही. (अडुळशाचा काढा आजीनं पाजला असेल, तर शेळीचं काय चुकतं ते कळेल.) अडुळसा दोन फुटांवर, कोयनेल दीड फुटावर, दोन ओळींत तिरकी लागवड. कुंती बेळगाव-खानापूरकडच्या तांबड्या, निचऱ्याच्या मातीत फार सुंदर येते, पण काळ्या जमिनीत पाणी साचलं की पिवळी पडते. आणि अंगणात लिंबू असेल तर कुंती नकोच. लिंबावर रोग पसरवणारा सिला नावाचा बारीक कीटक तिच्यावरही पोसला जातो.

रोप दोन फूट झालं की शेंडा मारा. इथं लोकांचा हात थरथरतो. वाढू दे म्हणतात, आणि मग खाली नुसत्या काठ्या उरतात, सगळा पाला वर. बुडाशी रुंद, माथ्याला निमुळती अशी छाटणी ठेवली तर खालच्या पानांना ऊन मिळतं.

थुजाबद्दल. व्हिडिओत दिसतात ती ग्रीन जायंट (थुजाची एक जात) आणि तिच्यासारखंच दिसणारं लेलँडी, ही थंड मुलखातली झाडं. इंग्लंडात लेलँडीच्या कुंपणांवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत इतकी भांडणं झाली, की २००३ च्या कायद्यात दोन मीटरवरच्या सदाहरित कुंपणांसाठी वेगळं प्रकरण घालावं लागलं. आपल्या नर्सरीत थुजा म्हणून मिळते ती मोरपंखी. ती सावकाश वाढते, आणि आतल्या तपकिरी लाकडापर्यंत छाटली की तिथं पुन्हा पालवी येत नाही, भोक तसंच राहतं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकेक शोभेला लावा, रांग नको.

संप कुठल्या बाजूला आहे आणि शेजारची खिडकी किती फुटांवर आहे, ते कळवलंत तर रांग कुठून न्यायची ते सांगते.