‘शंभर वर्षं झाली, आता पाडा’ या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की नागपुरात व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरू लागतो. सार असं: ब्रिटिशकालीन पुलांची मुदत शंभर वर्षांची होती, ती संपली. बांधणाऱ्या कंपनीचं विलायतेहून तसं पत्रही आलंय. दुरुस्ती म्हणजे पैशाचा चुराडा. सावित्रीचा पूल आठवा आणि पाडून टाका. कामठीजवळचा कन्हान नदीवरचा दगडी कमानींचा पूल डोळ्यांसमोर ठेवून हे उत्तर लिहितो आहोत. तो दुरुस्त होऊन वापरात राहावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

‘मुदत संपली, पत्र आलंय.’

पत्र आलं असेल तर त्यावर तारीख आणि आवक क्रमांक असणार. मेसेज पुढे ढकलणाऱ्याला आधी तो मागा. आणि समजा, खरंच पत्र आलं, तरी आज कमानीतला चुना कसा आहे हे सातासमुद्रापार बसून कुणाला कळणार? दगडी कमानीत लोखंडी सळई नसते, त्यामुळे गंजून आतून फुगण्याचा प्रश्न येत नाही. सगळा भार दाबाच्या रूपाने दगडातून दगडात आणि शेवटी पायात उतरतो. दगडाला तो दाब फारसा जाणवतही नाही. शंभर वर्षं हा आकडा आजच्या नव्या पुलांच्या संकल्पनात धरतात. त्या दिवशी पूल पाडायचा, असा त्याचा अर्थ कुठेही नाही.

‘सावित्रीचा पूल विसरलात का?’

विसरलो नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा १९२८ चा पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन बस त्यासोबत गेल्या. म्हणूनच आमचा आग्रह आहे की तपासणी पायापासून सुरू व्हावी. पुराचं पाणी खांबाला आपटून खाली वळतं आणि बुडाशी भोवरा करून रेती उपसतं. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने भरतो, त्यामुळे उन्हाळ्यात वरून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. कन्हानला हा धोका दुहेरी आहे. पेंच धरणाचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढतं. त्यात नागपूरच्या बांधकामांना लागणारी रेती याच नदीतून निघते. पुलाजवळ उपसा झाला की पात्राची पातळी खाली जाते आणि पाया उघडा पडतो.

म्हणून पाणी कमी असताना प्रत्येक खांबाभोवती सळई खुपसून भुसभुशीत गाळ किती आणि घट्ट तळ कुठे, हे मोजायचं. डोहात पाणबुड्या उतरवायचा. दरवर्षी त्याच जागी तीच मापं घ्यायची. पाया उघडा पडला असेल तर मोठे दगड भरलेल्या जाळ्या आणि खांबाच्या बुडाशी फरसबंदी करायची. फरसबंदीच्या, प्रवाहाच्या खालच्या अंगाला खोल आडभिंत हवीच, नाहीतर पहिल्याच पुरात ती कडेपासून उखडते. हे सोडून कुणी कठड्याला रंग मारत असेल तर त्याला दुरुस्ती म्हणू नका.

‘दुरुस्ती केलेला मोरबीचा पूलही पडला.’

मुद्दा बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकीचा काढला जातो. गुजरातमधल्या मोरबीत ३० ऑक्टोबर २०२२ ला झुलता पूल तुटून १३५ माणसं गेली. विशेष तपास पथकाला मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या आढळल्या. त्या तशाच ठेवून लाकडी फळ्यांऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला होता.

दगडी पुलाचीही अशीच वाट लावता येते, आणि त्याला सिमेंट पुरतं. दगडांमधल्या चुन्याच्या दरजांवर (सांध्यांवर) सिमेंट थापलं की आतलं पाणी अडतं, दगडाच्या कडा पापुद्र्यासारख्या सुटतात आणि मागचा चुना धुऊन जातो. योग्य पद्धत सावकाश चालते. दरज छिन्नीने, तिच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल मोकळी करायची, पाण्याने धुवायची आणि ओली असतानाच चुना-रेतीचा माल दाबून भरायचा. पोकळीत ग्राउट, म्हणजे ओतता येईल असा पातळ माल, खालून वर, साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने सोडायचं. घाईने दाब वाढवला तर बाजूची भिंत बाहेर फुगते. वर ओला बारदाना दोन-तीन आठवडे. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावं. नागपूरच्या मे महिन्यात चुना धरण्याआधी सुकतो आणि बोटाने भुगा होतो.

सांध्यात उगवलेला पिंपळ नुसता छाटला तर मुळं आत जाडच होत राहतात. ती मारून मगच सांधे भरायचे.

डांबराचा हिशेब तर कुणीच करत नाही. १०० मीटर लांब, ७ मीटर रुंद पुलावर ५० मिलिमीटरचा एक थर म्हणजे ३५ घनमीटर, सुमारे ८० टन. असे चार थर साचले की कठडा २० सेंटिमीटरने बुटका होतो आणि पाण्याच्या पन्हाळी गाडल्या जातात. मग पावसाचं पाणी कमानीवरच्या भरावातून थेट कमानीत उतरतं. जुने थर खरवडून पन्हाळी मोकळ्या करणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम आहे.

‘आजची वाहनं पेलणार नाहीत.’

मोजून ठरवू. दगडी कमान किती भार पेलेल याचा अंदाज देणाऱ्या मेक्से (MEXE) पद्धतीत गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १२ मीटर आणि कमानीची जाडी व भराव मिळून १.२ मीटर धरला (उदाहरणादाखल, कन्हानची मापं नव्हेत), तर प्राथमिक एक्सलभार, म्हणजे वाहनाच्या एका आसावरचा पेलण्याजोगा भार, ४२ टन येतो. सांध्यांसाठी ०.८ आणि अवस्थेसाठी ०.५ ने गुणलं तरी १७ टन उरतात. आणि जड वाहतुकीसाठी शेजारी नवा पूल आहे. जुन्यावर दुचाकी, सायकली, पायी माणसं आणि छोट्या गाड्या, दोन्ही तोंडांना उंच गाड्या अडवणारी चौकट. रुंदीकरण मात्र करू नये, त्याने पायाचा भार बदलतो.

‘नवा बांधा, निश्चिंत व्हा.’

९ जुलै २०२५ ला वडोदरा जिल्ह्यात पडलेला गंभीरा पूल १९८५ चा होता. नव्या पुलाचे बेअरिंग आणि सांधेही बदलावे लागतात, आणि तपासणी त्यालाही चुकत नाही.

कमानीला पुलाच्या रुंदीच्या दिशेने आडवी भेग असेल, माथ्यावरचा कळीचा दगड खाली सरकला असेल किंवा खांब कलला असेल, तर पूल त्याच दिवशी बंद करावा. तिथे आम्ही एका शब्दानेही अडवणार नाही. तोवर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे तीन गोष्टी मागा: पाण्याखालच्या तपासणीचा अहवाल, इंडियन रोड्स काँग्रेसच्या पूल-भारचाचणीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे (आयआरसी एसपी ५१) भारचाचणी आणि प्रत्येक भेगेवर तारीख घातलेली काचपट्टी. भेग वाढली की काच तडकते. ती जूनमध्ये लावा आणि ऑक्टोबरमध्ये सगळ्यांसमोर बघा.