कळलावीचा कंद उगाळायच्या आधी हे वाचा

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. "अगं, कळलावीचा कंद उगाळून द्यायचा की काढा करून?" मी तेरा वर्षं औषधांच्या दुकानात बसते, पण हातातला फोन निसटायचा राहिला. परसातला कंद उकरून, धुऊन तिने पाट्यावर ठेवलासुद्धा होता.

झालं असं, की माझ्या मावसभावाला, वय 34, गेल्या महिन्यात छातीत असह्य कळ आली. घरचे समजले झटका. ईसीजी, इको, रक्त तपासून निघालं पेरिकार्डायटिस, म्हणजे हृदयाभोवतीच्या दुपदरी पिशवीला आलेली सूज. यात आडवं झालं की दुखणं वाढतं आणि पुढे झुकून बसलं की उतरतं. तीन रात्री त्याने शिलाई मशीनवर दोन उशा रचून त्यांवर डोकं टेकून काढल्या. आयबुप्रोफेन आणि कोल्चिसीन ही सूज उतरवणारी औषधं सुरू झाली, आराम पडला. मग गावाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरला आणि सगळं फिसकटलं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात: कोल्चिसीनची गोळी विष आहे, कळ थांबली की बंद करा, त्याऐवजी कळलावीचा 'नैसर्गिक' कंद घ्या, स्टिरॉइड मागून घ्या, आणि घाम निघेपर्यंत धावा म्हणजे पिशवीतलं पाणी उतरेल.

आधी कंदाचं बोलते, कारण त्याने माणूस मरतो.

कोल्चिसीन विषारी आहे, हे खरं. कळलावीत ते असतं, हेही खरं. एवढं मला मान्य करावंच लागेल. पण म्हणूनच तर गोळीत ते अर्धा मिलिग्रॅम मोजून घातलेलं असतं. उगाळलेल्या कंदात किती उतरलं हे कोण मोजणार? मावशीच्या पाट्याला तराजू नाही. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी ही वेल दिसायला देखणी, पण श्रीलंकेत तिचा कंद रताळं समजून खाऊन माणसं दगावली आहेत. पहिल्या दिवशी उलट्या-जुलाब होतात, घरच्यांना वाटतं पोट बिघडलंय. पुढच्या काही दिवसांत हाडांतल्या मगजात रक्तपेशी तयार व्हायच्या थांबतात, मूत्रपिंड आणि हृदय साथ सोडतात. वाचलाच तर दोनेक आठवड्यांनी केस गळतात. यावर हमखास उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही. जी गोळी विष म्हणून फेकायला सांगता, तेच विष न मोजता पाजायला कसं सांगता? हे लिहिणाऱ्याचा मला भयंकर राग आलाय.

आता 'कळ थांबली की बंद करा'. आमच्या दादाने नेमकं हेच केलं, नवव्या दिवशी. गोळ्यांची पट्टी तशीच देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात पडून राहिली. पाचव्या आठवड्यात कळ परत आली, पुन्हा त्या उशा, पुन्हा ती मशीन. कोल्चिसीन फक्त आजच्या दुखण्यासाठी देतच नाहीत. ही सूज उलटते, ती उलटू नये म्हणून ते साधारण तीन महिने असतं. इटलीतल्या मास्सिमो इमाझिओ आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच हा त्रास झालेल्या 240 जणांवर प्रयोग केला. तो 2013 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला 120 जणांना कोल्चिसीन दिलं, 120 जणांना तशीच दिसणारी, औषध नसलेली नुसती गोळी. नुसती गोळी घेणाऱ्यांत 45 जणांची सूज हटलीच नाही किंवा परत आली. कोल्चिसीनवाल्यांत 20 जणांची. यापुढे ग्रुपवरच्या मेसेजला मी काय किंमत द्यायची?

जुलाब होतात, तेही खरं. होत असतील तर डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतील. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर गोळी देणाऱ्याला आधी सांगाच, कारण तेव्हा हीच गोळी अंगात साठते.

धावण्याचं तर ऐकूनच डोकं फिरलं. हृदयाच्या पिशवीतलं पाणी आणि घाम यांचा काही संबंध नाही. सूज असताना हृदयाला दमवायचं नसतं. खेळाडूंनासुद्धा सूज पूर्ण उतरेपर्यंत मैदानाबाहेर बसवतात. आणि पाणी खरंच इतकं साठलं की हृदयावर दाब येतो, दम लागतो, घेरी येते, बीपी उतरतं, तर ते रुग्णालयात सुई घालून काढावं लागतं, तेही तातडीने.

स्टिरॉइडबद्दल एवढंच: या दुखण्यात पहिल्याच खेपेला ते सुरू केलं तर लवकर बरं वाटतं, पण दुखणं उलटण्याची शक्यता वाढते. ठरावीक रुग्णांना ते लागतं, आणि ते डॉक्टरने ठरवायचं.

मेसेजमध्ये क्षयाचा शब्दही नाही, हे मला सगळ्यात खुपलं. आपल्याकडे या पिशवीत पाणी होण्यामागे क्षय हे मोठं कारण आहे. त्याची औषधं वेगळी आणि निदान सहा महिन्यांची. वर सांगितलेल्या इटलीतल्या प्रयोगात क्षयाचे रुग्ण घेतलेच नव्हते, म्हणून त्याचे आकडे त्यांना लावू नका. क्षय तसाच राहिला तर ती पिशवी जाड होऊन हृदयाला आवळते, मग पाय सुजतात, पोटात पाणी होतं. शेवटी छाती उघडून ती सोलून काढावी लागते. म्हणून नुसतं 'सूज आहे' यावर थांबू नका, कशामुळे आहे ते विचारा.

दादाच्या गोळ्या परवापासून पुन्हा सुरू आहेत, त्याच्या डॉक्टरांना विचारून. आणि मावशी, तो कंद गोठ्यामागे भिरकावू नकोस, गुरं खातील. खोल खड्डा करून पूर, आणि पाटा दोनदा घासून घे.