व्हीएमच्या आत बाँड बांधून नेटवर्क वाचत नाही

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: ‘महत्त्वाच्या व्हीएमला दोन व्हर्च्युअल नेटवर्क कार्डं द्या आणि आत लिनक्समध्ये बाँड करा. एक कार्ड गेलं तरी दुसरं चालतं, वेग दुप्पट होतो, आणि एलएसीपी लावलं तर सोन्याहून पिवळं.’ (व्हीएम म्हणजे एका खऱ्या सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, सॉफ्टवेअरने चालवलेला आभासी संगणक; बाँड म्हणजे अनेक नेटवर्क कार्डं एकत्र करून एकच असल्यासारखी वापरणं; एलएसीपी म्हणजे अशा एकत्र केलेल्या लिंक्सबद्दल दोन्ही टोकांनी आपसात बोलून ठरवायची पद्धत.) नेहमीच्या मांडणीत यातला एकही दावा टिकत नाही. हा सल्ला पाळणारा माणूस निर्धास्त होतो आणि खरी कमजोर जागा तशीच राहते, म्हणून सविस्तर लिहितो.

‘एक कार्ड गेलं तरी.’ व्हर्च्युअल कार्ड जाणार कसं? ते सॉफ्टवेअर आहे. ना ते जळतं, ना त्याची केबल सैल होते. बिघडतं ते खाली: होस्टचा पोर्ट, एसएफपी मॉड्यूल (पोर्ट आणि केबल यांमधला जोडतुकडा), केबल, स्विच. दोन्ही व्हर्च्युअल कार्डं एकाच व्हीस्विचला किंवा ब्रिजला (होस्टच्या आतला सॉफ्टवेअर स्विच) जोडलेली असतील, तर दोघांचा बाहेर पडायचा रस्ता एकच. त्याहून वाईट म्हणजे खालचा रस्ता बंद झाल्याचं व्हीएमला कळतच नाही. केव्हीएममध्ये (लिनक्समधली व्हीएम चालवण्याची सोय) ब्रिजचा बाहेरचा पोर्ट पडला तरी व्हीएमच्या आत लिंक ‘अप’च दिसते, व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयवरही तेच. बाँड फक्त लिंकवर नजर ठेवून असेल, तर त्याला सगळं आलबेल वाटतं आणि तो दुसऱ्या कार्डावर जातच नाही.

यावर उत्तर येतं की दोन वेगळे व्हीस्विच करू, प्रत्येकाला वेगळा अपलिंक (बाहेरच्या स्विचकडे जाणारा होस्टचा पोर्ट) देऊ आणि बाँडमध्ये एआरपी मॉनिटरिंग (ठरावीक पत्त्याला सतत विचारणा करून रस्ता चालू आहे का ते पाहणं) लावू. हे चालतं, पण त्यात एक खड्डा आहे. ॲक्टिव्ह-बॅकअप (एक कार्ड चालू, दुसरं राखीव) बाँड मुळात दोन्ही कार्डांना एकच मॅक पत्ता (कार्डाची ओळख) देतो. व्हीएमवेअरच्या व्हीस्विचवर ‘फोर्ज्ड ट्रान्समिट्स’ (कार्डाला नेमून दिलेला नसलेला मॅक पत्ता लावून पाठवणं) नाकारलेले असतील, तर दुसऱ्या कार्डातून निघालेल्या फ्रेम्स (डेटाचे तुकडे) गुपचूप टाकून दिल्या जातात, आणि हे उघड होतं नेमकं फेलओव्हरच्या, म्हणजे दुसऱ्या कार्डावर जायच्या, वेळी. बाँडचं फेल-ओव्हर-मॅक हे सेटिंग ‘ॲक्टिव्ह’ केलं, म्हणजे चालू कार्डाचाच मॅक पत्ता वापरला, की सुटका होते. पण प्रत्येक व्हीएममध्ये ही काळजी वेगळी घ्यायची, तीही होस्टवर एकदाच करता येणाऱ्या कामासाठी?

वेगाचा दावा लवकर निकालात निघतो. व्हीएमवेअरचं व्हीएमएक्सनेट-3 हे व्हर्च्युअल कार्ड व्हीएमला 10 गिगाबिट दाखवतं, मग खालचा पोर्ट 1 गिगाबिटचा का असेना. खरी मर्यादा होस्टच्या अपलिंकची. दोन कार्डं दोन अपलिंकवर पडूही शकतात, पण हमी नाही. आणि एकाच टीसीपी जोडणीचा वेग साध्या एलएसीपीनेही वाढत नाही, कारण ती एकाच लिंकवरून जाते.

एलएसीपी हा दोन शेजाऱ्यांमधला व्यवहार आहे. त्याच्या फ्रेम्स 01:80:सी2:00:00:02 या राखीव पत्त्यावर जातात, आणि ब्रिजने त्या पुढे पाठवायच्या नाहीत असा नियम आहे. लिनक्स ब्रिजमध्ये काही राखीव पत्ते पुढे सोडायची सोय आहे, पण पूर्ण ब्रिजसाठीची ती सेटिंग या पत्त्यासाठी कर्नल (लिनक्सचा गाभा) नाकारतो; नव्या कर्नलमध्ये ती फक्त एकेका पोर्टवर मुद्दाम लावता येते. म्हणजे नेहमीच्या मांडणीत व्हीएममधल्या बाँडची एलएसीपी फ्रेम खऱ्या स्विचपर्यंत पोचतच नाही. तिची गरजही नाही: विंडोज सर्व्हर 2016 पासूनचं हायपर-व्हीचं (मायक्रोसॉफ्टची व्हीएम चालवण्याची सोय) एसईटी टीमिंग, म्हणजे होस्टवर कार्डं एकत्र करणं, एलएसीपीशिवायच चालतं.

मग करायचं कुठे? होस्टवर. किमान दोन अपलिंक, दोन वेगळ्या कार्डांवर, दोन वेगळ्या स्विचना. एकाच कार्डाचे दोन पोर्ट वापरले, तर कार्ड मेल्यावर दोन्ही जातात. केव्हीएममध्ये ब्रिजच्या खाली बाँड, ईएसएक्सआयमध्ये व्हीस्विचचं टीमिंग. इथेही सावध राहावं लागतं. ईएसएक्सआय मुळात फक्त लिंक पाहतं. स्विच चालू आहे पण त्याची वरची लिंक तुटली, तर ईएसएक्सआयला काहीच कळत नाही. बीकन प्रोबिंग (अपलिंकनी एकमेकांना चाचणीच्या फ्रेम्स पाठवणं) हा उपाय आहे, पण त्याला तीन अपलिंक लागतात, कारण दोनच असतील तर दोषी कोण ते ठरत नाही. त्यापेक्षा वरची लिंक गेली की खालचे पोर्ट पाडणारं लिंक-स्टेट ट्रॅकिंग स्विचवर लावणं मला जास्त भरवशाचं वाटतं. आणि पोर्टफास्ट (स्विचचा पोर्ट लगेच कामाला लावणारं सेटिंग) विसरू नका: जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचमध्ये फ्रेम्स गोल फिरू न देणारी पद्धत) परत आलेला पोर्ट 30 सेकंद काहीच पुढे पाठवत नाही, पण होस्टला लिंक दिसते आणि तो ट्रॅफिक तिकडे वळवून बसतो.

एका ठिकाणी मात्र व्हीएमच्या आतला बाँड योग्यच आहे: एसआर-आयओव्ही, म्हणजे एका खऱ्या कार्डाचे अनेक भाग करून ते थेट व्हीएमला देणं. तिथे व्हीएमचं ट्रॅफिक व्हीस्विचला वळसा घालून थेट कार्डाच्या पोर्टवर जातं, त्यामुळे होस्टचं टीमिंग मध्ये येतच नाही. दोन वेगळ्या पोर्टांवरची दोन व्हर्च्युअल फंक्शन्स (कार्डाचे असे भाग) घेऊन आत बाँड करणं हाच तिथला रस्ता. या मांडणीतला सल्ला साध्या व्हर्च्युअल कार्डांना लावला की गोंधळ होतो.

कोणतीही मांडणी केली तरी चाचणी दोन प्रकारे घ्या. आधी होस्टची एक केबल काढा. ती परत लावा, मग लिंक न पाडता एका स्विचच्या वरच्या पोर्टवरून व्हीएमचं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क) काढून पाहा. पहिली चाचणी बहुतेक ठिकाणी पास होते. दुसरीत लिंक ट्रॅकिंगसुद्धा गप्प बसतं, कारण वरची लिंक पडलेलीच नसते. तिथे तीन अपलिंकवरचं बीकन प्रोबिंग किंवा होस्टच्या बाँडमधलं त्याच व्हीलॅनवरचं एआरपी मॉनिटरिंगच कामी येतं.