‘अपघात तर कमी झालेत’ : एका सिन्नरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक सिन्नरकर’ यांना नमस्कार.

सिन्नरमधल्या रस्त्यांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही खरमरीत लिहिलंत. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी आधी गोषवारा देतो. तुमचं म्हणणं असं की शहर पोलीस ठाण्यात यंदा गेल्या वर्षीपेक्षा कमी अपघात नोंदले गेलेत, तरी मी परिस्थिती बिघडतेय असं लिहून लोकांना घाबरवतो. महामार्गावर मरणारे बहुतेक बाहेरगावचे, ते सिन्नरच्या खात्यावर मांडायचे कशाला? अपघात होतात ते ट्रिपल सीट पोरांमुळे आणि मोबाइल कानाला लावून गाडी हाकणाऱ्यांमुळे, आणि रस्त्याच्या रचनेला दोष देणं म्हणजे अशांना पाठीशी घालणं. उपायही तुम्ही सांगितलात: चार गतिरोधक टाका, विनाहेल्मेटवाल्यांची पावती फाडा. शेवटी ‘एसीत बसून लिहायला काय जातंय’ हेही आहे. एसी माझ्याकडे नाही, तेव्हा तो मुद्दा निकाली निघाला असं समजतो. बाकीच्यांकडे वळू.

आकडा कमी झाला, हे मला मान्य आहे. त्यावरून काही सुधारलं असं म्हणणं मात्र मान्य नाही. समजा एखाद्या गावात वर्षाला सरासरी दहा माणसं रस्त्यावर मरतात. रस्ता तोच, रहदारी तीच, पोलीसही तेच. काही म्हणता काही बदललेलं नसताना एखाद्या वर्षी सात आणि एखाद्या वर्षी तेरा होणं अगदी नेहमीचं आहे. मग तेराच्या वर्षी पेपरात ‘मृत्यूचा सापळा’ असा मथळा येतो, मोर्चा निघतो, रातोरात गतिरोधक पडतो. पुढच्या वर्षी नऊ होतात आणि ज्याने गतिरोधक टाकला तो फ्लेक्स लावतो. गतिरोधक पडला नसता तरी ते बहुधा नऊ-दहाच्या आसपासच झाले असते. मुंबई-पुण्यासारख्या शहरात संख्या मोठी असते, म्हणून एका वर्षाचा चढउतारही थोडंफार सांगून जातो. तालुक्याच्या गावाला ती सोय नाही. इथे तीन-पाच वर्षं एकत्र धरल्याशिवाय कल दिसतच नाही.

हे हवेतलं गणित वाटत असेल तर आपल्याच तालुक्याकडे पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये मोहदरी घाटात कारच्या अपघातात पाच महाविद्यालयीन विद्यार्थी गेले. मग १३ जानेवारी २०२३ ला पाथऱ्याजवळ शिर्डीला निघालेल्या साईभक्तांची खासगी बस आणि ट्रक यांची धडक झाली, त्यात दहा जण गेले. दोन अपघात, पंधरा माणसं, दीड महिन्याच्या आत. पण मध्ये ३१ डिसेंबर आला, म्हणून पाच एका वर्षाच्या खात्यात आणि दहा दुसऱ्या वर्षाच्या. आता २०२३ शी २०२४ ची तुलना करणाऱ्याला काहीही न करता दहाची सूट आधीच मिळालेली असते. ‘मृत्यू घटले’ म्हणायला त्याला फक्त पाथऱ्यासारखी बस पुन्हा न आदळण्याची गरज आहे.

आणि तुम्ही आकडा घेतलात तो शहर ठाण्याचा. सिन्नर तालुका सिन्नर, एमआयडीसी आणि वावी अशा ठाण्यांत विभागलेला आहे. पाथऱ्याचा अपघात वावीकडे. मुसळगाव किंवा माळेगावच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटल्यावर घरी निघालेला कामगार कुठल्या ठाण्याच्या खात्यात जाणार, हे तो नेमका कुठे पडला यावर ठरतं. आपण एमआयडीसीला ‘गावात’ धरतो, पोलिसांची हद्द धरत नाही. एका ठाण्याचा आकडा घेऊन गावाची तब्येत सांगणं म्हणजे एका खोलीचा दिवा बघून अख्ख्या वाड्याचं वीजबिल सांगण्यासारखं आहे.

नोंदीचंही तुम्हाला माहीत असेलच. गंभीर जखमीला इथून नाशिकला हलवतात. तो तिथे गेला की अकस्मात मृत्यूची नोंद आधी तिथल्या ठाण्यात होते आणि कागद नंतर इकडे वर्ग होतात. नियमाप्रमाणे अपघातानंतर तीस दिवसांत झालेला मृत्यू अपघाती मृत्यू म्हणून धरायचा असतो. पण विसाव्या दिवशी गेलेल्या माणसाचा कागद मूळ गुन्ह्याला वेळेत जोडला जातो की नाही, ते त्या कारकुनावर आणि हवालदारावर अवलंबून. किरकोळ अपघातांचं तर बोलायलाच नको. आरसा फुटला, गुडघा सोलला, चार माणसं जमली, पाचशे-हजार देऊन तिथंच मिटलं. भरपाईच्या दाव्याला गुन्ह्याची नोंद लागते, म्हणून समोर चारचाकी असली की माणसं ठाण्यात जातात. वाळूवर घसरून एकट्याच पडलेल्याचा पाय मोडला तर तो ठाण्यात कशाला जाईल? म्हणून ‘अपघातांची संख्या’ हा सगळ्यांत कच्चा आकडा आहे. मृत्यूचा त्यातल्या त्यात पक्का.

हे दोन आकडे एकमेकांना सोडून कसे चालतात ते राज्याच्या पातळीवर स्वच्छ दिसतं. महाराष्ट्रात २०१९ मध्ये ३२,९२५ अपघात नोंदले गेले आणि १२,७८८ माणसं गेली. २०२२ मध्ये अपघात ३३,३८३. म्हणजे जवळपास तितकेच. मृत्यू मात्र १५,२२४. अपघात दीड टक्कासुद्धा वाढले नाहीत आणि मृत्यू एकोणीस टक्क्यांनी वाढले. मधली दोन वर्षं टाळेबंदीची, ती बाजूला ठेवली तरी चित्र हेच. लोक आधीपेक्षा जास्त वेळा आदळत नाहीयेत, आदळल्यावर जास्त मरतायत. ‘रस्ते किती मस्त झालेत’ असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो त्या रस्त्यांवर हे होतं. खड्ड्यात चाळीसच्या वेगाने पडलेला माणूस प्लास्टर घालून घरी येतो. गुळगुळीत चौपदरी रस्त्यावर नव्वदच्या वेगाने उभ्या ट्रकला मागून धडकलेला येत नाही.

आता ‘बाहेरगावचे’. पाथऱ्याचे प्रवासी बाहेरचे होते, खरं आहे. पण महामार्ग आपल्यासाठी बाहेरचा आहे का? नाशिकला कॉलेजला, दवाखान्याला, कोर्टात जायचं तर मोहदरी घाट. कंपनीत जायचं तर पुणे महामार्ग नाही तर शिर्डीचा रस्ता. शेताकडून कांद्याची ट्रॉली आणायची तरी महामार्ग ओलांडूनच. घोटीकडून येणारे शिर्डीचे पदयात्री रात्रभर याच रस्त्यांच्या कडेने चालतात. समृद्धीचा गोंदे इंटरचेंज आपल्याच तालुक्यात आहे, तिथून सव्वाशेच्या वेगाला सरावलेला ड्रायव्हर उतरतो आणि थोड्याच वेळात म्हशी, सायकली आणि शाळेची पोरं असलेल्या रस्त्यावर येतो. पायाला वेगाची सवय झालेली असते, ती टोलनाक्यावर सोडून येता येत नाही. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांची लांबी जेमतेम दोन टक्के आणि २०२२ मधले ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर. ते वगळून गावाचा हिशेब मांडला तर हिशेब सुंदर दिसेल, एवढंच. त्यात २०२७ चा सिंहस्थ येतोय, नाशिककडे जाणारी पुण्याची सगळी गर्दी इथूनच जाणार.

पोरांचा मुद्दा जरा सविस्तर घेतो, कारण तुमचा राग तिथे जास्त आहे आणि तो मला कळतो. ट्रिपल सीट, नंबरप्लेट दुमडलेली, सायलेन्सर बदललेला. मीही शिव्या घालतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात किल्ली देणाऱ्या बापाला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड ठेवलाय, तो गावात कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही. व्हायला हवा. इथपर्यंत आपण एकाच बाजूला आहोत.

पण ‘चूक चालकाची’ हे आपल्याला कळतं कुठून? पोलिसांच्या कागदावरून. कुठलीही अपघाताची फिर्याद काढून वाचा. ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून…’ हे वाक्य ठरलेलं असतं. पूर्वी खाली भादंविचं कलम ३०४ अ (निष्काळजीपणाने मृत्यू) यायचं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं १०६ येतं, वाक्य तेच. एकटाच दुभाजकाला धडकून मेलेला असेल तर गुन्हा मयतावरच दाखल होतो आणि आरोपी मयत म्हणून तपास संपतो. दुभाजक तिथे अंधारात, रिफ्लेक्टरशिवाय, रंग उडालेला का उभा होता, हे विचारायला त्या कागदात जागा नसते. देशभरात २०२२ मधल्या साधारण ७१ टक्के मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ लिहिलंय. वेगाने माणसं मरतात यात शंका नाही. पण तो वेग कुणी मोजला? पंचनाम्याला गेलेल्या हवालदाराकडे टेप असते, वेग मोजायचं साधन नसतं.

उलट्या दिशेने येणारा कामगार घ्या. तो मूर्ख नाही. त्याच्या कंपनीच्या गेटसमोर दुभाजक, वळायची जागा लांब, बारा तास उभं राहून काम केलेलं, पेट्रोलचे भाव माहीत आहेत. रोज त्या ठिकाणी शंभर माणसं राँग साईडने येत असतील तर शंभर चलनं फाडा, माझी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंभर येतील. जिथे गेट आहे तिथे वळायची किंवा खालून जायची सोय, जिथे पोरं रस्ता ओलांडतात तिथे वेग कमी करायला भाग पाडणारा रस्ता, हे केलं तर चलन फाडायलाही माणसं कमी लागतील. माणूस चुकणार हे धरून रस्ता बांधायचा असतो. चुकीची शिक्षा हाड मोडण्यापर्यंत राहावी, जिवापर्यंत जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पादचाऱ्याला ताशी ५० ऐवजी ६५ किलोमीटरच्या वेगाने कार धडकली तर त्याच्या मरणाची शक्यता साडेचारपट होते. फरक फक्त पंधराचा. रस्त्याची दोष असलेली रचना करणाऱ्याला किंवा देखभाल न करणाऱ्याला आपल्या मोटार वाहन कायद्यातही कलम १९८ अ खाली एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे ‘रस्त्याला दोष देणं’ ही माझी टूम नाही, संसदेने मंजूर केलेली गोष्ट आहे.

गतिरोधक. टाका की, पण गतिरोधकच टाका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी पंचवीसने गेलात तर गाडी अलगद चढते-उतरते. आधी फलक हवा, वर पांढरे पट्टे हवेत, रात्री दिसायला हवा. आपल्याकडे कुणी गेलं की दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं डांबराचा हातभर रुंदीचा उंचवटा टाकतात. त्यावर रात्री पहिला आदळतो तो मागे बायको एका अंगाला बसलेला दुचाकीवाला. ट्रकवाल्याला तो जाणवतसुद्धा नाही.

हेल्मेटवर मी गप्प होतो असंही तुम्ही म्हटलंत, ते मात्र पटलं नाही, मूळ लेखात त्यावर परिच्छेद आहे. पुन्हा सांगतो. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. मागे बसलेल्यांमध्ये आपल्याकडे बायकाच जास्त, आणि त्यांच्यासाठी घरात दुसरं हेल्मेट असलेली माणसं तुम्हाला किती माहीत आहेत? ‘गावातल्या गावात कशाला’ हे वाक्य आपल्या दोघांच्याही घरात बोललं जातं. दंड करा, पण तोही वर्षभर करा. मार्चअखेरचं टार्गेट आणि रस्ता सुरक्षा अभियान सोडून पोलीस चौकात दिसत नाहीत, म्हणून लोक हेल्मेट हँडलला लटकवून पोलीस दिसेपर्यंत थांबतात.

एक मुद्दा तुम्ही काढला नाहीत, तो मीच काढतो. ‘इथे ब्लॅकस्पॉट (वारंवार अपघात होणारी जागा) कुठंय? यादीत तर नाही,’ असं अधिकारी सांगतात. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा मृत्यू. तेव्हा तो यादीत येतो. चार अपघात झालेला फाटा बसत नाही. नगरपालिकेच्या रस्त्याला ही व्याख्या लागूच नाही. आणि नोंदीत ठिकाण नुसतं ‘सिन्नर शिवारात’ लिहिलं असेल तर पाचही अपघात पाच वेगळ्या ठिकाणी झाल्यासारखे दिसतात. छोट्या गावाचे धोक्याचे कोपरे असे कागदावरून निसटतात.

यावर उपाय आहे आणि त्यात तुमची मदत हवी. २०२१ पासून आयरॅड नावाच्या, रस्ते अपघातांची माहिती साठवणाऱ्या सरकारी प्रणालीत पोलीस अपघाताची नोंद जागेच्या अक्षांश-रेखांशासह मोबाइलवरून करतात. १०८ रुग्णवाहिका कुठून, किती वाजता बोलावली याचीही नोंद असते. माहितीच्या अधिकारात मी तिन्ही ठाण्यांच्या हद्दीतले २०२१ पासूनचे अपघात मागतोय: तारीख, वेळ, नेमकी जागा, कुठली दोन वाहनं, मृत किंवा जखमी किती. नावं नकोत. अर्जाचा मसुदा पुढच्या आठवड्यात इथेच टाकतो. तुम्ही लिहिलंय की शहर ठाण्याचा आकडा तुम्हाला तिथल्या ओळखीतून मिळाला. तसं असेल तर त्या माणसाला एवढंच विचारा, की ‘जागा’ या रकान्यात ते गटनंबर किंवा किलोमीटरचा दगड लिहितात की नुसतं शिवार. त्याचं उत्तर काय येतं त्यावर अर्जातली भाषा ठरवावी लागेल.