बॅटरी धरून की सोडून?

डिसेंबरातला रविवार होता. देवगडहून भाचीचा फोन आला तेव्हा तिकडे दुपारचे चार आणि इथे मिशिगनमध्ये पहाटेचे साडेपाच. अंधार, अंगणात घोटाभर बर्फ. एवढ्या पहाटे घरून फोन आला की छातीत धस्स होतं. "आत्ये, आमचो रोबो बाद केल्यानी," एवढंच ती बोलली आणि मग बराच वेळ नुसतं हुंदक्यांचा आवाज.

झालं ते असं. जिल्हा पातळीवरची शालेय रोबोटिक्स स्पर्धा. ऑगस्टात आलेल्या नियमपत्रकात वजनाची मर्यादा पाच किलो होती. नववीतली भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी, अशा चौघींनी त्या हिशेबाने रोबो बांधला. तळाला आंब्याच्या जुन्या खोक्याच्या फळ्या, भंगारातून आणलेल्या वायपरच्या दोन मोटारी, पुढे कुठल्याही दिशेला वळणारं एक कॅस्टर चाक आणि मधोमध बारा व्होल्टची, सात अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी. घरच्या पेट्या भरताना वापरतो त्याच काट्यावर वजन केलं, चार किलो तीनशे ग्रॅम भरलं. स्पर्धेला आठ दिवस उरले असताना सरांच्या मोबाइलवर दोन ओळींचा निरोप आला: यंदापासून मर्यादा तीन किलो.

मुलींनी फळ्या तासल्या, लोखंडी पट्टीच्या जागी अॅल्युमिनियमची लावली, स्क्रूसुद्धा मोजले. पण ती बॅटरी एकटीच दोन किलोची. हलकी लिथियमची मागवावी तर ऑनलाइन दहा दिवस दाखवत होते. सरांनी आयोजकांना फोन करून विचारलं, "वजन बॅटरी धरून की सोडून?" तिकडून उत्तर आलं, "या तर खरे, तिथे बघू." तिथे बघितलं ते असं, की धरून.

त्या रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटला. भावाचं म्हणणं, "नियम तो नियम. आता रडान काय होतला? पुढल्या वर्षी हलको बांध." ठाण्याच्या चुलतभावाने मला मध्ये ओढलं, "ताई, तुझ्याकडे असं होतं का गं? तिकडची मुलं बघ, मिळेल त्यात जुळवून घेतात." दोघांचंही मला पटलं नाही. गेली बारा वर्षं मी इथल्या एका शाळेच्या रोबोटिक्स संघाला संध्याकाळी शिकवायला जाते. तेव्हा जे पाहिलं तेच सांगते.

इथली मुलंही नियम बदलला की चिडतात, आणि चांगली चिडतात. डीन केमन यांनी सुरू केलेली 'फर्स्ट' ही संस्था १९९२ पासून शाळकरी मुलांची रोबोटिक्स स्पर्धा भरवते, आमचा संघ तिच्यातच उतरतो. दरवर्षी जानेवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी नवा खेळ जाहीर होतो आणि नियमपुस्तक सगळ्या संघांना एकाच वेळी खुलं होतं. २०२५ च्या हंगामात रोबोची वजनमर्यादा १२५ पौंडांवरून ११५ वर आली. दहा पौंड म्हणजे साडेचार किलो. आमच्या बारावीतल्या एका मुलाने हातातला पाना बाकावर आपटला. तीन वर्षं घासूनपुसून पक्का केलेला त्याचा सांगाडा आता जड ठरत होता. एक मुलगी म्हणाली, हे आमच्या मेहनतीवर पाणी ओतणं आहे. कोणी तिला गप्प बसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी नियमपुस्तकाचं ते पान घेऊन बसली. पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं की बॅटरी आणि बंपर या वजनात धरायचे नाहीत. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते, ते आज आठवतं. शिशाची बॅटरी जड असते हे नियम लिहिणाऱ्याला ठाऊक होतं, आणि वजन कमी करायच्या नादात कोणी बॅटरीशी खेळ करू नये म्हणून तिला आधीच बाजूला काढलेलं होतं. ज्याचा खुलासा पुस्तकात सापडत नाही ते संघ लेखी विचारतात. प्रश्न आणि उत्तर दोन्ही सर्वांना दिसतात. रोबो बांधायच्या आठवड्यांत दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुरुस्तीपत्रक निघतं. मग आमची पोरं अॅल्युमिनियमच्या पत्र्याला भोकं पाडू लागली. पडलेला चुरा एका कागदी कपात गोळा करायचा, कप काट्यावर ठेवायचा आणि फळ्यावर आकडा लिहायचा, असा नादच लागला. चिडणारा मुलगा त्यात सगळ्यात पुढे.

म्हणून 'तिकडची मुलं जुळवून घेतात' हे अर्धंच खरं. ती आधी भांडतात, मग विचारतात, उत्तर मिळतं, आणि त्यानंतर जुळवून घेतात. मधल्या दोन पायऱ्या गाळून मुलांकडून शेवटचीच मागायची, हा मला अन्याय वाटतो.

इथलं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. २०१९ पर्यंत या स्पर्धेत एक जुना नियम होता: सहा आठवडे बांधा, मग रोबो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून क्रमांकाची पट्टी लावून सील करा, स्पर्धेच्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. हेतू चांगला. सगळ्यांना सारखा वेळ. पण ज्यांच्याकडे पैसा होता ते संघ दुसरा रोबो बांधायचे. एक पिशवीत, दुसऱ्यावर महिनाभर सराव. ज्यांना एकच परवडायचा त्यांची मुलं रिकाम्या हाताने बसायची. समानतेसाठी केलेला नियम गरिबाच्याच मुळावर आला होता. २०२० पासून तो काढून टाकला, तेव्हा आमच्याच संघात दोन तट पडले. काही मुलं नाचली. काहींना वाटलं, आता मार्च-एप्रिलपर्यंत रोज रात्री दहापर्यंत राबायचं, अभ्यास कधी करायचा? दोन्ही खरं होतं. इथे नुसतं संघ नोंदवायचं शुल्कच सहा हजार डॉलरच्या वर आहे, त्यामुळे गरीब शाळेची दमछाक कुठल्याही नियमाने पुरती थांबत नाही. हे मी चुलतभावाला लिहिलं, कारण परदेश म्हटलं की आपल्याकडे फक्त चकचकीत बाजू पोचते.

भावालाही एक गोष्ट लिहिली. आमचं घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यातली मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै हे देवगडातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवा म्हणून मच्छीमारच मागणी करतात, बैठका होतात, कडाक्याचे वाद होतात. पण २४ मेच्या रात्री कोणी फोन करून 'उद्यापासून होड्या वर ओढा' असं सांगितलं, तर 'नियम तो नियम' म्हणून भाऊ गप्प बसेल का? जो हक्क दर्यावर्दी माणसाला आहे तो नववीतल्या मुलीला का नसावा?

२०२३ च्या सुरुवातीला पुण्यात स्पर्धा परीक्षेची मुलं रस्त्यावर बसली होती, तेव्हाही घरोघर हेच ऐकलं. लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं होतं आणि ते त्याच वर्षापासून लागू होणार होतं. वर्णनात्मक परीक्षा चांगली असं माझंही मत. पण बहुपर्यायी पद्धतीची चार-चार वर्षं तयारी केलेल्या मुलांचं मागणं वेळेचं होतं, आणि शेवटी अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेलीच. 'अभ्यासाला बसा, आंदोलनं कसली करता' म्हणणाऱ्यांनी त्यांचं मागणं नीट ऐकलंच नव्हतं.

आपल्याकडे हे जमणार नाही, असंही नाही. आबू रोबोकॉन ही आशिया-प्रशांत भागातल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा २००८ साली पुण्यात झाली तेव्हा खेळ होता दहीहंडीचा, गोविंदाचा. २०२२ ची भारताने दिल्लीत भरवली आणि विषय होता लगोरी. आपल्या गल्लीतली लगोरी! चेंडू किती, थर किती, कोणत्या रोबोने कुठून फेकायचं, सगळं बारकाईने लिहून काढलेलं नियमपुस्तक देशोदेशीच्या मुलांनी वाचलं. लगोरीचे नियम परक्या मुलांना समजतील असे लिहिता येतात, तर जिल्ह्याच्या स्पर्धेत बॅटरीबद्दल एक ओळ का लिहिता येऊ नये? शाळाशाळांत २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः यंत्रं जोडून बघायच्या प्रयोगशाळा, येताहेत, एकेका लॅबला वीस लाखांपर्यंत अनुदान. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी पन्नास हजार लॅब जाहीर झाल्या. सामान येतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मुंबईपासून चारशे-साडेचारशे किलोमीटरवरच्या गावात सुटा भाग यायला किती दिवस लागतात, हे नियम बदलण्याची तारीख ठरवताना कोणीतरी मोजायला हवं. ठाण्यातली मुलगी संध्याकाळी दुकानात जाऊन हलकी बॅटरी आणते. दोन ओळींचा तो निरोप दोघींना सारखाच पोचला, पण भार एकीवरच पडला.

भाचीला मी दोन दिवसांनी फोन केला. रडणं संपलं होतं, राग होता. तिला म्हटलं, राग ठेव, पण कागदावर उतरव. तिने चौकटीच्या वहीचं पान फाडून आयोजकांना पत्र लिहिलं आणि फोटो मला पाठवला. चार प्रश्न आहेत. नियम बदलायची शेवटची तारीख कोणती? बदल शाळेला लेखी कळवणार का? शंका कोणाला विचारायची, आणि उत्तर सगळ्या शाळांना मिळणार का? चौथा प्रश्न खरं तर तिने पहिला लिहिला आहे आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत: वजन बॅटरी धरून की सोडून?

मुख्याध्यापकांनी सही करून पत्र पोस्टाने पाठवलं. उत्तर अजून आलेलं नाही. चौघींनी मात्र रोबो मोडला नाही. पडवीत, आंब्याच्या काट्याशेजारी ठेवलाय.