होमला उभी

देवळाली सुटली की आमच्या डब्यात वारं शिरतं. कल्याणपासून घोरणारी माणसं ताडकन उठतात, वरच्या बॅगा कुणाच्या तरी डोक्याला चाटून खाली येतात आणि दारापासून संडासापर्यंत रांग लागते. परवा त्या रांगेत मीही होते. एका खांद्याला लॅपटॉप, दुसऱ्याला पर्स, पायाशी भावजयीने दिलेली लोणच्याची बरणी. नाशिकरोडचे दिवे दिसले आणि गाडी थांबली.

"घातली आउटरला!" मागून कुणीतरी करवादलं.

"आउटर नाही हो," दाराजवळच्या सीटवरचे काका म्हणाले. सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. "तो दांडीच्या सिग्नलांचा जमाना. ही होमला, म्हणजे स्टेशनात शिरायच्या सिग्नलला उभी आहे."

तेवढ्यात फोन वाजला. नवरा स्कूटर घेऊन स्टेशनबाहेर उभा होता.

"कुठं आहेस?"

"होमला."

"घरी पोचलीस? मग मी इथं कशाला उभा आहे?"

पाच मिनिटं झाली. बरणी उचलावी तर गाडी हलत नाही, ठेवावी तर कुणीतरी पाय मारतो. मी काकांना विचारलं, फलाट तर समोर दिसतोय, मग हळूहळू पुढे न्यायला काय जातं? काकांनी चष्मा पुसला. हे लक्षण वाईट असतं.

"नाशकात द्वारकेच्या चौकात तुम्ही पुढच्या रिक्षाला नाक लावून उभ्या राहता, कारण तुमचा ब्रेक दोन हातांत लागतो. भरधाव गाडीला थांबायला किलोमीटरभर रूळ लागतो. म्हणून जुन्या पद्धतीत दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. ऑटोमॅटिक सिग्नल असले तर साधारण किलोमीटरला एक सिग्नल, म्हणजे गाड्या जवळजवळ सोडता येतात. हिरवा, मग दोन पिवळे, मग एक पिवळा, मग लाल."

"मग अडतं कुठं?"

"फलाटावर! वाटेत कितीही गाड्या ओळीने आणा, पुढची फलाटावरून हलेपर्यंत मागचीला होम मिळत नाही. नुसता फलाट मोकळा असून भागत नाही, त्याच्या टोकाच्या स्टार्टर, म्हणजे गाडी सोडायच्या सिग्नलपुढेही १२० मीटर रूळ रिकामा लागतो. ड्रायव्हरचा अंदाज चुकून गाडी थोडी पुढे गेली तर तेवढी जागा. त्यात बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब. रूळ बदलायच्या सांध्यावरून ताशी ३० ने निघाली तर शेपूट बाहेर पडायलाच मिनिटभर जातं. पुढच्या गाडीत कुणी दारात बोचकी घेऊन अडलं, की त्याचं अर्धं मिनिट मागच्या सगळ्यांच्या माथी."

कोण ती माणसं, मला त्यांना एकदा बघायचंच होतं. दोन मिनिटांच्या थांब्यात सामान उतरवता येत नाही? लग्नाचं वऱ्हाड असणार, मी मनात ठरवून टाकलं.

शेवटी पिवळा मिळाला. गाडी अशी हलली की बरणीने शेजारच्या काकूंच्या नडगीचा मुका घेतला. फलाटावर उतरून मोकळा श्वास घेतला, चार पावलं गेले आणि आठवलं: डब्याची पिशवी! खिडकीजवळच्या खुंटीला. त्यात सासूबाईंचा पितळी डबा, म्हणजे सोडून देण्याचा प्रश्नच नव्हता.

बरणी काकांच्या हातात कोंबून मी चढणाऱ्यांच्या लोंढ्यात उलटी घुसले. "अहो, आधी चढू द्या!" "बाई, आत जाताय की बाहेर?" दोन्ही. गाडीने शिटी दिली, कुणीतरी दारात लोंबकळून गार्डाकडे हात हलवला, आणि मी पिशवीसकट, ओढणीचं टोक दाराच्या कडीला अर्पण करून, खाली आले.

काका बरणी घेऊन तसेच उभे होते. काही बोलले नाहीत. फक्त देवळालीच्या दिशेने हनुवटी उडवली. दूर अंधारात एका इंजिनाचा दिवा दिसत होता. जागचा हलत नव्हता.