फुकटातही नको असलेलं अस्वल

"फुकट दिलीत तरी नको," दुकानदार मान वर न करता म्हणाला.

घर बदलायचंय, सीड्यांचं निदान एक खोकं तरी कमी कर, असा घरून हुकूम निघाल्यामुळे मी अटलांटातल्या एका जुन्या सीड्या घेणाऱ्या दुकानात गेलो होतो. बाकीचा माल त्याने मुकाट्याने घेतला. कुणीतरी आमच्याकडे विसरून गेलेली ख्रिसमसच्या गाण्यांची सीडीसुद्धा घेतली. आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचा 'मॉन्स्टर' हा अल्बम तेवढा दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला आणि हनुवटीनेच 'आर'चा कप्पा दाखवला. मी चाळून बघितलं. नारिंगी, नारिंगी, नारिंगी. त्या प्रत्येक नारिंगी कव्हरवर तेच ते धूसर अस्वलाचं तोंड, कोपऱ्यात एक डॉलरचं चिकटलेलं लेबल.

१९९४चा हा अल्बम एकट्या अमेरिकेत ४० लाखांवर खपला आणि मग घराघरांतून निघून जुन्या बाजारात येऊन पडला, हे मी वाचलं होतं. पण पत्रिका परत आलेल्या उपवर मुलाच्या बापाचा होतो तसा माझा चेहरा झाला असावा, कारण शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांना पाझर फुटला. पांढरी शेंडी रबरबँडने बांधलेली, अंगात १९८९च्या दौऱ्याचा विटलेला टी-शर्ट. तो दौरा 'ग्रीन' या अल्बमचा. त्याचंही कव्हर नारिंगीच. या मंडळींचं रंगांशी काय वाकडं होतं कोण जाणे.

"जुना आहे की रीमिक्स?" आजोबांनी विचारलं.

"जुना."

"अरेरे." त्यांनी डोळे मिटले. "रीमिक्स ऐक. शब्द न् शब्द कळतो."

रीमिक्स म्हणजे २०१९चा. अल्बमला २५ वर्षं झाली म्हणून पाच सीड्या आणि एक ब्लू-रे अशी जाडजूड पेटी निघाली. त्यात निर्माता स्कॉट लिट याने आपलंच जुनं काम उसवून परत शिवलं. पीटर बकच्या गिटारी मागे ढकलल्या, मायकल स्टाइपचा आवाज पुढे आणला.

"मला गिटारीच आवडतात," मी म्हटलं. "तो गोंगाट होता म्हणून तर घेतला होता."

"तू कधीपासून ऐकतोस यांना?"

आलाच तो प्रश्न. आर.ई.एम.च्या चाहत्यांत ज्येष्ठता यादी असते, सरकारी खात्यातल्यासारखी कडक. १९८३ला 'मर्मर' हा पहिला अल्बम ऐकलेले सगळ्यात वर, बाकीच्यांनी आपापल्या साली नोंद करावी आणि गप्प बसावं.

"एमटीव्हीवर 'लूझिंग माय रिलिजन' बघितलं तेव्हापासून. सांगलीत."

"सांगली." आजोबांनी आठवून बघितलं. "१९८५ला वाजवलं होतं का त्यांनी तिथे?"

"नाही."

"मग हुकलंच तुमचं. १९८५ला ते काय वाजवायचे!"

सांगलीचं १९८५ साली बरंच काही हुकलं असेल, पण हे कुणी माझ्या तोंडावर म्हटलं नव्हतं. पुढे त्यांनी 'मर्मर'चं पुराण लावलं. अथेन्स, म्हणजे ग्रीसचं नव्हे, इथलं जॉर्जियातलं, इथून गाडीने दीड तासावर. हे तिथे राहायचे, बँडही तिथलाच. "स्टाइप काय पुटपुटतोय, कुणाला एक अक्षर कळायचं नाही. जादू होती रे!"

"मग 'मॉन्स्टर'चे शब्द कळायला लागले त्याचं एवढं कौतुक का?"

आजोबा थबकले. दुकानदारानेही पहिल्यांदाच मान वर केली.

"ते वेगळं," आजोबा म्हणाले, आणि विषय १९९५च्या दौऱ्यावर नेला. त्या दौऱ्यात बँडमधल्या चौघांपैकी तिघांची ऑपरेशनं झाली हे खरं आहे. ड्रमवाल्या बिल बेरीच्या तर मेंदूतली रक्तवाहिनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला, भर कार्यक्रमात फुटली. बक तेवढा धडधाकट राहिला. "त्याला काय होणार," आजोबा म्हणाले, "जोरात होता तोच!"

जाताजाता त्यांनी माझ्या हातातल्या सीडीकडे बघितलं. "टाकणारच असशील तर मला दे. गाडीत जुनाच बरा वाटतो." मी दिली. त्यांनी उघडून तपासली. "पुस्तिकेला घडी पडलीय," म्हणाले. आभार वगैरे काही नाही.

आता माझी खरी तक्रार. लिट हा माणूस १९९३ साली निर्वाणा या बँडच्या 'इन युटेरो' अल्बममधली दोन गाणी सुधारायला बोलावला गेला होता, कारण मूळ ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीचं काम कंपनीला खरखरीत वाटलं. २०१३ला वाढदिवसाची आवृत्ती निघाली, तेव्हा अल्बिनीने पुन्हा पहिल्यापासून मिक्स केलं. म्हणजे एकाने बिघडवलं म्हणून दुसऱ्याने दुरुस्त करायचं, वीस वर्षांनी पहिल्याने परत हात फिरवायचा आणि दरवेळी पाकीट आपण काढायचं. कधीकधी फायदा होतोही. रिप्लेसमेंट्स या बँडचा १९८५चा 'टिम' २०२३ला एड स्टेशियमने नव्याने मिक्स केला, तेव्हा ड्रम पहिल्यांदा ड्रमसारखे वाजले. तिथे मी तोंड उघडत नाही. पण 'मॉन्स्टर'ची मी सांगलीत कॅसेट घेतली, इथे सीडी घेतली, मग ती पेटीही घेतली. १९९५च्या शिकागोच्या कार्यक्रमासाठी घेतली, रीमिक्ससाठी नव्हे. तरी पैसे रीमिक्सचेही लागलेच.

२०३४ला अल्बमची चाळिशी येईल. तेव्हा गिटारी परत पुढे आणतील आणि त्याला 'मूळ स्वरूपात, प्रथमच' म्हणतील. दुकानदार ती पेटी मात्र हसत घेईल. विकायला हं, माझ्याकडून नव्हे.